शेळ्यांचा निवारा : आधी ओटा, मग छप्पर, शेवटी भिंत

मजुरीवर पोट असलेल्या घरात शेळी म्हणजे घरातील बाईच्या हातचा पैसा होय. जून महिन्यात मुलांची वह्या-पुस्तके घ्यावयाची असोत, बाळंतपण असो की अचानक दवाखाना उभा राहो, बोकड विकून वेळ निभावून नेलेली घरे आपल्या प्रत्येक बौद्धवाड्यात सापडतील. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. त्यांतील बऱ्याच शेळ्या भूमिहीन व अल्पभूधारक घरांच्या दावणीला आहेत. मात्र शेळी कोणती घ्यावी याची जितकी चर्चा घरात होते, तितकी ती बांधावयाची कोठे याची होत नाही. शेळ्या येतात, दोन-तीन महिने पडवीत नाहीतर लिंबाखाली राहतात, पावसाळा लागतो, आणि करडे खोकू लागतात. पुढचे सांगावयास नको.

शासनाच्या योजनेतून शेळ्या घेणाऱ्यांनी तर ही गोष्ट अर्ज भरण्यापूर्वीच ध्यानात घ्यावी. २०२१ साली राज्य शासनाने दहा शेळ्या व एक बोकड या गटाच्या किमती सुधारल्या. उस्मानाबादी वा संगमनेरी जातीच्या गटाला १,०३,५४५ रुपये धरले गेले. त्यांत दहा शेळ्यांचे ८०,०००, बोकडाचे १०,००० आणि उरलेले विम्याचे. अनुसूचित जातीच्या लाभार्थ्यास ७५ टक्के अनुदान, म्हणजे घरचे सुमारे २५,९०० रुपये. आता हा हिशेब पुन्हा वाचून पाहावा. यात गोठ्याचा एक पैसाही नाही. शेळ्या योजनेच्या, छप्पर आपले! बचत गटाचे कर्ज काढून लाभार्थी हिस्सा भरणाऱ्या भगिनीच्या हाती गोठ्यासाठी काही उरत नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात दोन शेळ्या गेल्या तर कर्ज मात्र पूर्ण फेडावे लागते. म्हणून थोड्या पैशांत निवारा कसा उभा करावा याचा विचार येथे करीत आहोत.

आम्ही गावोगाव जे गोठे पाहिले त्यांत एक गोष्ट वारंवार दिसली. हाती पैसा आला की लोक आधी भिंत बांधतात. चारी बाजूंनी विटांची भिंत, वर पत्रा, एक दार, आणि खाली मात्र तीच ओली जमीन. बाहेरून गोठा पक्का दिसतो. आत शिरले की मुताचा उग्र वास नाकाला झोंबतो. शेळी थंडी बऱ्यापैकी सोसते, पण ओल आणि कोंडलेली हवा तिला सोसत नाही. ओल्या जमिनीवर बसून करडांना फुप्फुसाचा ताप येतो, हगवण लागते, मोठ्या शेळ्यांची खुरे सडतात. तेव्हा पैसा थोडा असेल तर तो ज्या क्रमाने खर्चावा तो क्रम मथळ्यातच दिला आहे.

ओटा

ओटा म्हणजे आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान एक फूट उंच भरलेली जागा. त्यासाठी मुरमासारखी चांगली वस्तू नाही. मुरूम भरून, पाणी मारून धुमसाने चोपून घ्यावा आणि एका बाजूला उतार ठेवावा, दर दोन-तीन फुटांना एक इंच पुरे. उताराच्या टोकाला चर खणून तो परसातील खताच्या खड्ड्याकडे न्यावा. दरवर्षी उन्हाळ्यात वरचा चार बोटे मुरूम खरवडून काढावा व नवा घालावा. काढलेला मुरूम लेंडीखताबरोबर शेतात जातो. लेंडीखताला शेतकरी चांगला भाव देतात, ही जमेची बाजू वेगळीच.

पुष्कळांना सिमेंटच्या कोब्याचा मोह होतो. आमच्या मते थोड्या शेळ्यांच्या गोठ्यात तो पैसा वाया जातो. कोबा हिवाळ्यात गार पडतो, त्यावर मूत जिरत नाही, आणि रोज धुवावयाचे म्हटले तर उन्हाळ्यात माणसांनाच पाणी नसते. मुरमावर आठवड्यातून एकदा कळीच्या चुन्याची भुकटी टाकून झाडून घेतले तरी काम भागते. चुलीतील राखही चालते.

कोकणात मात्र मुरमाचा ओटा पुरत नाही. तेथे चार महिने जमीन वाळतच नाही. म्हणून तेथे बांबूच्या वा लाकडी पट्ट्यांची माचाण करावी. जमिनीपासून तीन-चार फूट उंच, पट्ट्यांमध्ये बोटभर फट, म्हणजे लेंड्या व मूत खाली पडते आणि शेळी कोरडी राहते. फट त्याहून मोठी ठेवू नये, करडाचा पाय अडकून मोडतो. घाटावरच्या लोकांनीही याचा एक भाग उचलावा. घरातील जुनी बाज गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवून तिच्यावर फळ्या ठोकाव्यात. शेळीला मुळातच उंचावर चढून बसण्याची हौस असते. रात्रीतून करडे आपणहून त्या बाजेवर जाऊन बसतात.

छप्पर

किती शेळ्यांना किती जागा, हा पहिला प्रश्न. मोठ्या शेळीला छपराखाली दहा ते बारा चौरस फूट, करडाला चार चौरस फूट, बोकडाला वीस चौरस फूट असे साधारण मान आहे. त्याच्या दुप्पट मोकळी जागा कुंपण घालून समोर ठेवता आली तर उत्तमच. पाच शेळ्या आणि त्यांची सात-आठ करडे धरली तर ऐंशी चौरस फूट लागतात. बारा फूट लांब व सात फूट रुंद असे छप्पर त्यास पुरते.

याचा हिशेब असा. सहा मेढी लागतात, तीन पुढे व तीन मागे. ओट्यापासून पुढची उंची आठ फूट व मागची सहा फूट ठेवावी. दोन फूट जमिनीत आणि एक फूट मुरमात जाणार, म्हणून पुढच्या मेढी अकरा फुटांच्या व मागच्या नऊ फुटांच्या घ्याव्यात. बाभूळ वा कडुनिंब चांगला. जमिनीत जाणारे टोक जाळून कोळशासारखे काळे करावे आणि त्याला गाड्यांचे जळके तेल चोपडावे, म्हणजे वाळवी लवकर धरत नाही. भंगार बाजारात जुने लोखंडी पाइप परवडत असतील तर तेच घ्यावेत. पत्रे दहा फुटी सहा घेतले की चारी बाजूंनी फूट-सव्वा फूट छप्पर बाहेर येते. हे बाहेर आलेले छप्पर कापून काटकसर करू नये. भिंत नसलेल्या गोठ्यात पावसाची झड तेच अडविते. ओट्याला साधारण एक ब्रास मुरूम लागेल.

पत्रा की गवत, यावर घरोघरी वाद होतो. गवताचे, सिंधीच्या पानांचे वा पाचटाचे छप्पर थंड व स्वस्त, परंतु दोन-तीन वर्षांनी शाकारावे लागते, त्यात उंदीर व त्यांच्या मागे साप येतात, आणि चुलीची ठिणगी उडाली तर सारे संपले. पत्रा दहा-पंधरा वर्षे पाहत नाही, पण चंद्रपूर-नागपूरच्या उन्हात तो तव्यासारखा तापतो. उस्मानाबादी शेळी बहुधा काळ्या रंगाची, तिला तर ऊन अधिक लागते. आम्ही पत्र्याच्या बाजूचे आहोत, पण फाल्गुन सरताच त्यावर कडब्याचा किंवा पाचटाचा हातभर थर दोरीने बांधून टाकावा. तेवढी सोय नसेल तर पत्र्याला चुन्याचे दोन हात तरी द्यावेत. पाऊस लागण्याआधी थर काढून घ्यावा, नाहीतर खाली पत्रा गंजतो.

सिमेंटचे पत्रे कमी तापतात म्हणून कोणी घेतात. त्यांतील पुष्कळ पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. असा पत्रा करवतीने कापताना, फोडताना उडणारी धूळ माणसाच्या फुप्फुसात जाऊन बसते व वर्षांनी रोग करते. जुने फुटके सिमेंटचे पत्रे स्वस्तात मिळतात म्हणून आणून घरी कापत बसू नये. पत्रा कोणताही असो, तो हुकाने व डांबरी वायसर लावून घट्ट बसवावा. वर दगड ठेवून पत्रे दाबण्याची आपल्याकडील रीत वाईट आहे. वैशाखातील वादळात पत्रा उडतो आणि दगड खाली शेळीवर किंवा लेकरावर पडतो.

भिंत

आता भिंत. भिंत सर्व बाजूंनी लागतच नाही. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली म्हणजे दुपारचे ऊन आत कमी येते. त्यानंतर आपल्या गावात पावसाची झड कोणत्या बाजूने येते ते घरातील वडीलधाऱ्या माणसाला विचारावे, बहुतेक ठिकाणी ती पश्चिम-नैऋत्येकडून येते. ती बाजू पूर्ण बंद करावी. बाकीच्या बाजूंना तीन ते साडेतीन फूट आडोसा पुरे, त्यावर छपरापर्यंत जाळी किंवा बांबूच्या कामट्या. शेळी बसली की वारा तिच्या अंगावर येत नाही, आणि गरम दमट हवा वरून निघून जाते.

हा आडोसा विटांचाच हवा असे नाही. विदर्भात पळाटीचा व तुराट्यांचा कूड घालून शेण-मातीने लिंपतात. तो कूड गोठ्याला उत्तम. बांबूचे तट्टे मिळत असतील तर आणखी बरे. आतून दर सहा महिन्यांनी चुना मारावा, कारण गोचिडी व पिसवा भेगांतच घर करतात. लातूर-धाराशिव भागातील वाचकांना आणखी एक सांगणे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींनी व माळवदांनी काय केले हे त्या भागाला ठाऊक आहे. गोठ्यासाठी फुकट मिळतात म्हणून मातीत दगड रचून उंच भिंती उभारू नयेत, हलका कूड व हलके छप्परच बरे.

पावसाळ्यात उघड्या बाजूंना सोडण्यासाठी गोणपाट शिवून पडदा करावा. जयंतीचे किंवा निवडणुकीचे जुने फ्लेक्सही या कामी येतात. ज्यावर तथागतांची वा बाबासाहेबांची प्रतिमा आहे तो फ्लेक्स गोठ्याला लावू नये, हे सांगणे न लगे. पडदा दिवसा गुंडाळून वर बांधावा. पडदे दिवसरात्र सोडून ठेवले तर पक्क्या भिंतीचाच दोष पुन्हा येतो. गोठ्याची हवा चांगली की वाईट हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. पहाटे शेळ्या सोडण्यापूर्वी आत जाऊन शेळीच्या तोंडाइतके खाली उकिडवे बसावे. डोळ्यांत पाणी आले किंवा नाक झोंबले तर समजावे की शेळी रात्रभर तेच ओढत होती.

कुत्री आणि बिबट्या यांचे भय असलेल्या ठिकाणी मात्र नियम बदलतो. जुन्नर, संगमनेर, नाशिककडील उसाच्या पट्ट्यांत उघडा गोठा ठेवून चालणार नाही. तेथे जाळी जाड हवी, ती जमिनीपासून छपरापर्यंत अखंड हवी, छप्पर व जाळी यांत फट नको आणि दाराला कडी हवी. पैसा विटांवर न घालता जाळीवर घालावा. हल्ला झालाच तर मेलेले जनावर न हलविता ताबडतोब वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही. चोरीचे भय तर सगळीकडेच आहे. त्यावर एकच उपाय, गोठा घरातून हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर असावा.

तो घराच्या आत मात्र नसावा. जागेच्या अडचणीमुळे आपल्या कित्येक घरांत माणसे व शेळ्या एकाच छपराखाली निजतात. ज्या घरात लहान मूल किंवा दम्याचा रोगी आहे तेथे तरी मध्ये कुडाचा आडोसा घालून दार वेगळे करावे. शेळी गाभटली तर पडलेला गर्भ व वार उघड्या हाताने उचलू नये, हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून उचलावा व चुना टाकून खोल पुरावा. त्यातून माणसाला चिवट ताप जडू शकतो.

शासनाचा गोठा

रोजगार हमी योजनेच्या जोडीने राज्य शासनाने २०२१ साली शरद पवार ग्रामसमृद्धी योजना काढली. तिच्यात दहा शेळ्यांच्या गोठ्यासाठी ४९,२८४ रुपये धरले होते. त्याचे माप साडेसात चौरस मीटर, लांबी पावणेचार मीटर व रुंदी दोन मीटर, भिंतींची सरासरी उंची दोन मीटर वीस सेंटिमीटर, विटा-सिमेंटच्या भिंती, वर पत्रा, खाली मुरूम. मुरमाची जमीन ही त्यातील शहाणपणाची गोष्ट. पण साडेसात चौरस मीटर म्हणजे सुमारे ऐंशी चौरस फूट, जे आम्ही वर पाच शेळ्या व त्यांच्या करडांसाठी धरले. दहा शेळ्या त्यात कोंबल्या तर प्रत्येकीला आठच चौरस फूट येतात, करडांना काहीच नाही. दिवसभर रानात चरणाऱ्या शेळ्यांना रात्रीपुरते ते चालेल. बांधून खाऊ घालावयाच्या शेळ्यांना ते अपुरे आहे. असा गोठा मिळालाच तर गवंड्याला सांगून चारी भिंतींच्या वरच्या भागात विटांऐवजी जाळी बसवून घ्यावी, मात्र बांधण्यापूर्वी अभियंत्याची संमती घ्यावी, नाहीतर मोजमापाच्या वेळी बिल अडते.

रोजगार हमीचे कायदे व रकमा बदलत असतात, म्हणून आज काय मिळते ते ग्रामपंचायतीत व पंचायत समितीत जाऊन लेखी विचारावे. जातीचा दाखला तयार ठेवावा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतही स्थान मिळालेले आहे, तेव्हा केवळ 'बौद्ध' म्हणून कोणी अर्ज परत करीत असेल तर तो परत घेऊ नये, नकाराचे कारण लेखी मागावे. अशा योजनांत पुष्कळदा आधी बांधा व मग पैसे घ्या असा प्रकार असतो. सावकाराकडून पैसे उचलून बांधकाम सुरू करण्यापूर्वी बिल किती महिन्यांत निघते हे गावातील आधीच्या लाभार्थ्यांना विचारावे.

जागेचा प्रश्न सर्वांत नाजूक. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, आणि महाराष्ट्रात १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. त्यातील कित्येकांच्या नावावर सातबारा अजून चढलेला नाही. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांनी गायरानावर विटांचा गोठा बांधून आयुष्याची पुंजी तेथे अडकवू नये. मेढी, बांबू, जाळी व हुकाने बसविलेला पत्रा असा गोठा बांधला तर दोन माणसांच्या हातांनी एका दिवसात उलगडता येतो व दुसरीकडे उभा करता येतो. भाड्याच्या जागेत किंवा शेतमालकाच्या बांधावर राहणाऱ्या मजूर कुटुंबांनाही हाच सोयीचा.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची व त्यांचे पालन करण्याची प्रतिज्ञा आहे. शेळी पुढे विकावयाची आहे म्हणून ती आज चिखलात उभी राहावी, असे त्यातून निघत नाही. शिवाय कोरड्या गोठ्यातील करडू लवकर वाढते, त्याला बाजारात भावही बरा येतो. एवढे मात्र खरे की गोठा कितीही चांगला असला तरी लसीचे काम तो करीत नाही. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस, आणि पीपीआरची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून टोचून घ्यावीच.

कामाचा काळ म्हणाल तर बुद्धपौर्णिमेच्या सुमारास ओटा भरून व्हावयास हवा, म्हणजे मृगापूर्वी तो चोपून वाळतो. छप्पर त्याच्या मागोमाग घालावे. भिंतीला पैसे उरले नाहीत तर पहिला पावसाळा गोणपाटावर काढावा व कूड दिवाळीनंतर घालावा, तोपर्यंत तुराट्या व पळाट्याही शेतात निघू लागतात. पहिला जोराचा पाऊस रात्री आला तर कंदील किंवा बॅटरी घेऊन गोठ्यात जावे, जेथे गळते तेथे खाली खडूने खूण करावी, आणि सकाळी उघडीप पडताच त्यावरील हुकाच्या भोकात डांबर भरावे. शेळ्या कोणत्या कोपऱ्यात गोळा झाल्या आहेत तेही त्याच वेळी पाहावे. ज्या बाजूला त्या पाठ करून उभ्या असतील, त्या बाजूचा पडदा हातभर खाली घ्यावा.